सावळातात्यांचा नारळ

गडाच्या पायथ्याला असलेल्या पालीत कुणाच्या दारात नवं वाहन आलं की पहिला निरोप सावळारामतात्यांना. ट्रॅक्टर असो, टेम्पो असो, नाहीतर पोरानं हौसेनं आणलेली फटफटी. तात्या धुवट टोपी घालून यायचे, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचे, चाकाखाली लिंबू सरकवायचे आणि मग नारळ हातात घ्यायचे. दगडावर एकच फटका. दोन सारख्या वाट्या, आणि खालच्या वाटीत पाणी जसंच्या तसं. ते पाणी चाकांवर घालायचे आणि म्हणायचे, जा बाबा आता, सुखरूप ये. नारळ फोडला असं कुणी म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. नारळ वाढवतात, फोडतात ती डोकी, असं ते चारचौघांत सुनवायचे.

तात्यांच्या हाताला यश आहे, असं सगळं खोरं मानायचं. त्यांनी नारळ वाढवलेली गाडी घाटात कधी दगा देत नाही म्हणे. गेनूचा ट्रॅक्टर ओढ्यात गेला होता, पण तेव्हा गेनूच इतका प्यालेला होता की ओढा कुठं आणि रस्ता कुठं हे ट्रॅक्टरलाच ठरवावं लागलं. त्यात नारळाचा काय दोष? तात्यांनी या कामाचा कधी रुपया घेतला नाही. खोबऱ्याची एक वाटी घ्यायचे आणि चघळत घरी जायचे. भातशेती करणारा साधा माणूस, पण एवढा एक मान होता त्यांना, आणि तो ते जपायचे.

घरात माणसं मोजकीच. बायको सगुणाबाई, आणि लेक वैष्णवी. पोर पुण्यात शिकली आणि तिथंच एका लहानशा ऑफिसात लागली. परदेशातल्या डॉक्टरांची बिलं इकडं बसून तपासायचं काम. ते तात्यांना कधी नीट कळलं नाही, पण विचारणाऱ्याला ते मोठ्या तोऱ्यात सांगायचे, की तिकडं गोरा माणूस आजारी पडला की आमच्या वैशीला आधी समजतं.

मग सगुणाबाई गेली. पोटात दुखतंय म्हणेपर्यंत गेली. तात्या नुसते भिंतीकडं बघत बसायला लागले. चूल पेटवायचे आणि तव्यावर भाकरी टाकायला विसरायचे. वैष्णवी दिवसकार्याला आली होती, तिनं बापाची ही दशा पाहिली आणि ऑफिसला कळवलं की आता काही दिवस घरूनच काम करते. ऑफिसचा जुना लॅपटॉप तिच्याकडं होता. माडीच्या खिडकीत मोबाईलला रेंज यायची, तिथं तिनं टेबल मांडलं.

आणि तात्या पुन्हा माणसात आले. काय त्यांची लगबग! पहाटे उठून पोरीच्या आंघोळीचं पाणी तापवायचे. तिला कशाला हात लावू द्यायचे नाहीत. दर थोड्या वेळानं जिना चढून चहा न्यायचे, कधी शेंगा, कधी भाजलेलं कणीस. ती कानाला ते यंत्र लावून कुणाशी बोलत असली, तरी हे तिच्यासमोर ताटली धरून उभे. खाली उंबऱ्यात बसून कोंबड्या हाकलायचे. गडावर जाणारी पुण्यामुंबईची पोरं दारावरनं कालवा करत निघाली की हे ओठावर बोट ठेवायचे. मीटिंग चाललीय, असं दबक्या आवाजात सांगायचे. मीटिंग हा शब्द त्यांना फार आवडायचा.

संध्याकाळी तिचं काम आटपलं की हे शेजारी येऊन बसायचे ते जेवणापर्यंत. सगुणाबाईच्या आठवणी, म्हशीचं दुखणं, बांधावरचं भांडण, सगळं तिला सांगायचे. ती ऐकायची. एकदा तिनं हळूच म्हटलं होतं, तात्या, मला जरा एकटीला बसू द्या. तात्यांना वाटलं मीटिंग असेल. ते निमूट खाली गेले, आणि थोड्या वेळानं दूध घेऊन परत वर आले.

गावाचं तोंड कोण धरणार? बाया विहिरीवर तिला विचारायच्या, लग्नाचं काय, नोकरी सुटली का, घरीच कशी. ती हसून वेळ मारून न्यायची. तात्यांना यातलं काही दिसत नव्हतं असं नाही. पण पोर घरात होती. बाकी सगळं चालवून घेता येत होतं.

अशी सुगी आली, सरली, आणि एक दिवस ऑफिसनं जुना लॅपटॉप परत मागितला. म्हणाले, एकतर ऑफिसात येऊन बस, नाहीतर स्वतःचा घे. वैष्णवीनं ते जेवताना सांगितलं. सांगून ती ताटातल्या भातात बोटं फिरवत राहिली.

"मग घेऊ की," तात्या म्हणाले. "म्या घेतो. आपलं इंद्रायणी भाताचं पीक काय कुनाला वाटायला हाय?"

ती म्हणाली, नको तात्या, कशाला एवढा खर्च. बघू. तात्यांना पोरीचं कौतुक वाटलं. बापाचा पैसा वाचवते, आईच्या वळणावर गेलीय. आणि हट्टी माणूस तो, दोनतीन दिवसांतच तिला ओढून पुण्याला घेऊन गेले, आणि दुकानात चांगल्यातला चांगला दाखवा म्हणाले. परत येताना एसटीत तो खोका त्यांनी तान्ह्या लेकरासारखा मांडीवर घेतला होता. कुणाला धक्का लावू दिला नाही. हे यंत्र आहे म्हणून पोर घरी राहणार, एवढाच त्याचा अर्थ त्यांना माहीत होता, आणि तेवढा पुरेसा होता.

आता एवढी मोलाची वस्तू घरात आली, आणि ज्यानं गावच्या सगळ्या गाड्यांना नारळ वाढवले त्यानं स्वतःच्या घरात गप्प बसायचं? वैष्णवीला ते ठाऊकच होतं. तिनं आधीच बजावलं, की तात्या, याला पाणी लावायचं नाही. तात्यांनी शब्द दिला. नुसतं कुंकू, बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवासमोर पाट मांडला, त्यावर सगुणाबाईचं ठेवणीतलं खणाचं कापड घातलं, त्यावर लॅपटॉप. चार्जिंगची वायर लावलेली, कारण दुकानदारानं आधी पोटभर चार्ज करा म्हणून सांगितलं होतं. तात्यांनी झाकणावर बोटानं एवढंसं स्वस्तिक काढलं. नारळ बाहेर पायरीच्या दगडावर वाढवला, मुद्दाम लांब. नेहमीसारखाच निघाला, दोन सारख्या वाट्या.

इथवर सगळं ठीक होतं. पण पाण्यानं भरलेली वाटी हातात आली आणि तात्या घुटमळले. वाटेवरचा परका माणूस घरात आला तरी आपण आधी पाणी देतो. गाडीला देतो, बैलाला देतो, सुनेच्या पावलांवर घालतो. आणि जिच्यापायी पोर घरात राहिली तिला कोरडीच ठेवायची? त्यांच्या मनाला ते पटेना. पाणी घालायचं नव्हतं, शब्द दिला होता. नुसतं दाखवावं म्हणून त्यांनी झाकणावर मूठभर तांदूळ ठेवले आणि त्यावर ती वाटी टेकवली. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर अशीच ठेवतात. पण बॉनेट वेगळं आणि ते गुळगुळीत झाकण वेगळं. तात्या हात जोडायला मागं सरले, तांदूळ वाटीखालून निसटले आणि वाटी कलंडली. पाणी झाकणावरनं घरंगळत मागच्या बिजागरीत गेलं.

तात्या धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले तेवढ्यात वैष्णवी मोरीतनं आली. तिनं बघितलं, धावली, आधी वायर उपटली, बटण दाबून धरून तो बंद केला, आणि उचलून पालथा धरला. थेंब थेंब पाणी खणावर पडत राहिलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फडक्यानं टिपून घेतलं आणि लॅपटॉप अर्धा उघडून खाटेवर पालथा घातला, पाखं दोन बाजूंना, तंबू ठोकल्यागत. पंखा लावला आणि म्हणाली, आता वाळेस्तोवर हात लावायचा नाही, सुरू करून बघायचंसुद्धा नाही.

बातमी गावभर झाली. गेनू येऊन म्हणाला, तांदळात पुरा, मोबाईलला तसंच करतात. तात्या लगेच पाटी भरून तांदूळ घेऊन आले. वैष्णवी नको म्हणाली, तांदळाची पूड आत जाते. मग उन्हात ठेवू का? नको, तापेल. तात्या बिचारे काहीतरी करायला तडफडत होते. दुपारी वीज गेली आणि पंखा थांबला, तेव्हा त्यांनी भिंतीचं सूप काढलं आणि त्या यंत्राला वारा घालत बसले. वीज येईपर्यंत बसले. वैष्णवी दारातनं बघत होती. ती एकदम रडायला लागली आणि माडीवर निघून गेली. तात्यांना वाटलं, लॅपटॉपसाठी रडते. ते आणखी जोरात वारा घालायला लागले.

दोन दिवस वाळवून तिनं बटण दाबलं. दिवा लागला आणि विझला. हायवेवरच्या कापूरहोळला इंद्रजितचं दुरुस्तीचं दुकान आहे, पोरगा खोऱ्यातलाच, हाताला चांगला. ती तिकडं निघाली. तात्या टोपी घालून तयार झाले, तर म्हणाली, तुम्ही कशाला, मी येते जाऊन. तात्या दिवसभर एसटीच्या वाटेकडं डोळे लावून बसले. मनातल्या मनात सगळे देव पाण्यात घालून झाले.

संध्याकाळी ती उतरली, पाठीवर लॅपटॉपची पिशवी. तात्यांनी नुसत्या डोळ्यांनी विचारलं. तिनं मान हलवली.

"नाही झाला, तात्या. आता ऑफिसचंच मशीन वापरावं लागेल. पुण्यालाच राहावं लागेल."

तात्या म्हणाले, दुसरा घेऊ, म्हस काढतो. ती इतक्या घाईनं नको म्हणाली की ते चपापले. मग म्हणाली, उगाच तुमच्या जिवाला घोर, शनिवार-रविवारी येत जाईन. सकाळच्या गाडीनं ती गेली. पाया पडताना तिचे डोळे भरलेले होते. तात्यांनी तिला जवळसुद्धा घेतलं नाही. कुठल्या तोंडानं घेणार? स्वतःच्या हातानं स्वतःच्या घरात अंधार केला होता.

त्या दिवसापासून तात्यांनी नारळाला हात लावला नाही. लोक येत राहिले. हे म्हणायचे, हाताचं यश गेलं, दुसरा बघा. लोक समजूत घालायचे, ते ऐकायचे नाहीत. आणि गेनू, त्याची जीभ म्हणजे उचलली आणि लावली टाळ्याला, पारावर सगळ्यांदेखत बोलून गेला, "काय तात्या, लोक नोकराला नारळ देत्यात, तुमी तर पोटच्या पोरीलाच नारळ दिलात की." सगळे हसले. तात्याही हसले. घरी आल्यावर त्यांना जेवण गेलं नाही.

वैष्णवी रोज संध्याकाळी फोन करायची. पहिल्यांदा दर रविवारी आली, मग एकाआड एक, मग काम फार आहे म्हणायला लागली. पण आली की चेहरा खुललेला असायचा, बोलायला लागली की थांबायची नाही. कुठल्या मैत्रिणींबरोबर राहते, कुठं फिरायला गेली. तात्या म्हणायचे, चला, पोर सावरली म्हणायची. आणि ती गेल्यावर माडीवर जाऊन त्या रिकाम्या टेबलापाशी उभे राहायचे.

पाऊसकाळ सरल्यावर हनुमंतानं नवा टेम्पो घेतला. तात्यांचा भाचा लागायचा तो, दूरचा. गाडी कापूरहोळला ताब्यात मिळायची होती. तात्या नारळ वाढवणार नाहीत हे माहीत होतं, म्हणून त्यानं नुसतं चला, बसा, आशीर्वाद द्या म्हणून त्यांना मोटरसायकलवर बसवून नेलं. मनात होतं, की तिथं गेल्यावर भरीला घालू.

टेम्पो हायवेच्या कडेला उभा होता, हार घातलेला. माणसं जमली होती. समोरच इंद्रजितचं दुकान. तात्यांना पाहून तो हात पुसत बाहेर आला, पाया पडला आणि सहज विचारल्यासारखं म्हणाला,

"तात्या, वैष्णवीचा लॅपटॉप बरा चाललाय न्हवं? लई काय झालंच न्हवतं त्याला. थोडं चिकटलं हुतं, ते साफ केलं. हितं बाकड्यावर बसली हुती, तवर चालू करून दिला की म्या."

तात्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. आणि मग एकेक करून सगळंच कळत गेलं. नको तात्या, कशाला. बघू. मला जरा एकटीला बसू द्या. तुम्ही कशाला, मी येते जाऊन. पायाखालची जमीन सरकणं काय असतं ते त्या माणसाला भर हायवेवर, गाड्यांच्या आवाजात समजलं. इतके महिने ते स्वतःच्या हाताला शिव्या देत होते, आणि हात तर स्वच्छ होता. पोरीला जायचं होतं. तिला तोंडानं सांगता येत नव्हतं. चांगला चालणारा लॅपटॉप पाठीवर घेऊन ती त्यांच्यासमोर उभी राहिली होती आणि मान हलवून नाही म्हणाली होती.

राग आला त्यांना. आपण एवढे जड झालो होतो का तिला? चहाच तर देत होतो. शेजारी बसत होतो, एवढंच. मग त्यांना ती सुपानं वारा घालतानाची दुपार आठवली, ती का रडली ते आत्ता समजलं, आणि राग कुठल्या कुठं गेला. नुसतं दुःख राहिलं. बापाला सोडून जायचं म्हणून पोर किती दिवस आतल्या आत कुढली असेल.

हनुमंतानं इंद्रजितचं बोलणं ऐकलं होतं. त्याला आनंदच झाला. म्हणजे तात्या, तुमच्या हाताला काही झालेलं नाही, उगाच मनाला लावून घेतलंत, असं म्हणत त्यानं नारळ त्यांच्या हातात दिला. जमलेली माणसं म्हणाली, व्हय तात्या, वाढवा.

तात्या नारळाकडं बघत राहिले. कितीतरी दिवसांनी हातात आला होता. एक फटका मारला की सगळा मान परत. पण हात चांगला म्हणजे लॅपटॉप चांगला, आणि लॅपटॉप चांगला म्हणजे पोर खोटं बोलून बापाला टाकून गेली. हे आज कापूरहोळला, उद्या पारावर. गेनूला तर तोंडात साखर पडल्यासारखं होईल. लग्नाची पोर, आयुष्यभर पाठीमागं बोलतील.

त्यांनी नारळ हनुमंताच्या हातात परत दिला.

"न्हाई रं. मागनं परत बंद पडला त्यो, पुन्यात गेल्यावर," ते इंद्रजितला म्हणाले. "तुला वाईट वाटंल म्हनून बोलली नसंल. तुझा काय दोष न्हाई. पानी माझ्या हातचं हुतं."

इंद्रजितचं तोंड उतरलं. हनुमंतानं मग आपलाच नारळ आपणच वाढवला. तीन तुकडे झाले आणि पाणी सगळं रस्त्यावर. तात्यांनी टोपी काढून गाडीला हात जोडले आणि परतीच्या एसटीची वाट बघत बाजूला जाऊन उभे राहिले.

संध्याकाळी फोन आला. नेहमीपेक्षा उशिरा आला. तात्यांनी उचलला. वैष्णवी म्हणाली, इंद्रजितचा फोन आला होता. वाईट वाटत होतं त्याला. परत आणून दे, फुकट करून देतो म्हणत होता. एवढं सांगून ती थांबली. दोघांनाही आता सगळं माहीत होतं, आणि कुणी बोलायचं हेच ठरत नव्हतं.

"तात्या, मला तुम्हाला सांगायचं होतं..." तिचा आवाज फाटला. "मी रविवारी येते. आणि काम घेऊन येते, राहते पहिल्यासारखी."

ज्या बोलण्यासाठी तात्या इतके महिने झुरत होते, ते बोलणं आपण होऊन त्यांच्या कानाशी आलं होतं. व्हय म्हणायचं, बस. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"ये की रविवारी," ते म्हणाले. "तुझ्या आवडीचं कालवन करतो. जेव, झोप काढ, आन सोमवारच्या पहिल्या गाडीनं जा. पर वैशू, येताना त्यो लॅपटॉप आनू नको. बंद पडलाय त्यो. हितं न्हाई चालायचा."

पलीकडं पोर हुंदके देऊन रडत राहिली. तात्यांनी तिला गप्प केलं नाही. तिचं रडणं ओसरेपर्यंत ते फोन कानाला धरून बसले, आणि मग जेवलीस का म्हणून विचारलं.